इंदूचं नाक

माझ्या आयुष्याची चाळीस वर्षं कोलंबीच्या सालांत गेली, आणि त्याआधीची सतरा त्या सालांचा वास अंगावरून घासून काढण्यात. करंजबंदरच्या शाळेत मी बाकावर बसले की शेजारची मुलगी सरकून बसायची. तिच्याही घरी मासे खात, फक्त विकत नसत, एवढाच फरक. मी शिकले ती या वासापासून लांब जाता यावं म्हणून. पुण्याला गेले, रसायनशास्त्र घेतलं, संशोधन संस्थेत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर शिपायानं एक पोतं आणून टाकलं. आत वाळवलेली कोलंबीची सालं. मी तिथंच तोंडावर पदर धरला. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कोकणातल्या ना? मग तुम्हाला सवय असेल."

या सालांपासून कायटोसॅन नावाचा पदार्थ काढतात. आमचं काम त्याच्यावर होतं. डीएनएच्या धाग्यावर ऋण भार असतो, पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही ऋणच. दोन ऋण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून एखादं जनुक नुसतं पेशीजवळ नेऊन ठेवलं तर ते आत शिरत नाही. कायटोसॅन सौम्य आम्लात विरघळवलं की त्याच्या लांबलचक साखळीवर जागोजागी धन भार येतो. ती साखळी डीएनएला विळखा घालते आणि दोघांचं मिळून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं गाठोडं तयार होतं. त्याच्यावर धन भार जरा जास्त ठेवला की पेशी त्याला आपणहून चिकटवून घेते आणि गिळून टाकते.

गिळल्यावर मात्र ती त्याला एका पिशवीत कोंडते आणि आम्ल सोडून पचवायला बघते. आमची बहुतेक गाठोडी इथंच मरत. माझी उमेदीची सगळी वर्षं गेली ती या पिशवीतून सुटण्याची युक्ती शोधण्यात. मी साखळीला असे काही अणुसमूह जोडले की ती पिशवीतलं आम्ल स्पंजासारखी शोषून घेई, पिशवीत पाणी शिरे, ती फुगून फुटे आणि जनुक मोकळं होई. विषाणू नको, सुई नको. महासाथीत ज्यांचा वास कायमचा गेला होता त्यांच्यासाठी आम्ही याचा नाकात मारायचा फवारा बनवला. नाशिकचे एक आचारी होते, तीन वर्षं त्यांना काहीच वास येत नव्हता. चौथ्या महिन्यात त्यांनी प्रयोगशाळेत हिंगाची डबी उघडली आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हा मी साठीला आले होते. वाटलं, झालं, सार्थक झालं.

मी निवृत्त झाले, संस्थेनं पेटंट विकलं, आणि ज्या कंपनीनं ते घेतलं तिच्या लवकरच लक्षात आलं की वास आणून देण्यापेक्षा वास घालवण्याला गिऱ्हाईक कितीतरी जास्त आहे.

नाकात काही मोजकी प्रथिनं अशी असतात की त्यांचं काम फक्त सडण्याचा वास ओळखणं. कुजकी मासळी, मुतारी, मढं. कंपनीनं माझ्या गाठोड्यातून त्यांच्या तोंडात बोळा कोंबणारं जनुक पाठवलं. मोगरा येतो, फोडणी येते, घाण तेवढी येत नाही. नाव ठेवलं 'सुखश्वास'. आणि तो बनवायला लागणारी सालं आली कुठून, तर करंजबंदरच्या कोलंबीच्या कारखान्यातून. आमच्याच उकिरड्याचं बूच आमच्याच नाकात.

गेल्या वर्षी चैत्रात मी भावाकडे गेले तेव्हा 'सुखश्वास' गावात येऊन दोन वर्षं झाली होती. माझा धाकटा भाऊ दिगंबर, आम्ही त्याला दिगू म्हणतो, तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या होता. साखरेनं त्याचे पाय आधी बधिर केले आणि मग उजव्या टाचेला जखम झाली, ती काही भरेना. पायात खिळा घुसला तरी त्याला कळत नसे. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून पंधरा दिवस घरी. सगळं करायची ती इंदू, त्याची बायको.

इंदूची ओळख सांगायची तर तिचं नाक सांगावं लागेल. कारखान्यात बायका कोलंबी सोलत, आणि टेबलाच्या टोकाशी इंदू बसे. प्रत्येक टोपली तिच्या पुढ्यात येई. ती डोळे मिटून वाके, एकदा हुंगे आणि म्हणे, "घ्या," नाहीतर "फेका". तिनं घ्या म्हटलेला माल परदेशातून कधी परत आला नाही. ती मासळीकडे बघतच नसे. म्हणे, "डोळ्याला काय, बर्फ लावला की मढंपण ताजं दिसतं." पुढे पट्ट्यावर वास ओळखणारं यंत्र बसलं आणि इंदू घरी आली. त्याच सुमारास तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं तिनं करूच दिलं नाही. तिचं काही अडत नव्हतं. दिगूच्या पायाची पट्टी कधी बदलायची, हेही ती नाकानंच ठरवायची.

तर त्या दिवशी दुपारी मी जेवायला बसले आणि इंदू ताट घेऊन मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले. ती माडाच्या बुंध्याशी ओणवी होऊन ओकत होती.

"काय गो, पोटात बिघडलंय?"

"पोटात कसलं, वन्सं. नाकात बिघडलंय." तिनं चूळ भरली. "तीन वर्षं झाली. पट्टी सोडली की तो वास हाताला बसतो. साबण लावा, चिंच लावा, राख लावा. भात कालवला की भातालाही तोच."

"रोजचंच आहे ते. सवय होते."

"तुम्हाला झाली?"

मी तिच्या हातावर पाणी ओतलं.

"सांगू का खरं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मला त्यांची किळस येते. हे हाक मारतात तेव्हा मी दाराशी उभी राहून आधी श्वास भरून घेते, मग आत जाते. श्वास संपला की बाहेर. त्यांना कळतं ते. परवा म्हणाले, इंदू, तू माझ्याशी धावत धावत का बोलतेस?"

त्याच संध्याकाळी कंपनीची समीक्षा नावाची मुलगी आली. विशी-बाविशीची, गुलाबी कोट, तोंडात साखर. सोलणाऱ्या बायकांना कारखाना फवारा फुकट देत होता. गावातल्या बाकीच्यांना ही घरोघर जाऊन देई. ती नवीन फवारा घेऊन आली होती. जुना दर दोन महिन्यांनी मारावा लागे, कारण वास घेणाऱ्या पेशी तेवढ्यात मरून नव्या येतात. नवीन फवारा खालच्या थरातल्या मूळ पेशींनाच गाठत होता. मूळ पेशीच बदलली की तिच्यापासून होणारी प्रत्येक पेशी जन्मतःच मुकी.

"म्हणजे कायमचा," मी म्हणाले.

"हो आजी! पुन्हापुन्हा कटकटच नको."

"परत आणता येतो?"

"पण परत कशाला हवाय घाण वास?" तिला खरंच कळलं नाही. मग तिनं टॅबवर घराचं आडनाव बघितलं, माझं तोंड बघितलं आणि उजळलीच. "अय्या, तुम्ही डोर्लेकर मॅडम का? आमच्या ट्रेनिंगमध्ये तुमचा फोटो आहे!"

मला वाटलं, माझ्या ताटात कुणीतरी थुंकलं.

ती गेल्यावर मी इंदूला बसवून समजावलं. म्हटलं, घ्यायचाच तर जुना घे, दोन महिन्यांचा. कायमचा घेऊ नकोस. नाक ही तुझी एकुलती एक गोष्ट शाबूत आहे. दिगूचा पाय दुखत नाही. आत काही बिनसलं तर तो सांगणार नाही, तुझ्या नाकालाच ते कळणार.

"जुना घेऊन बघितला मी," ती म्हणाली. "दोन महिने बरे जातात. मग एका सकाळी तो वास परत येतो. पहिल्यापेक्षा वाईट, वन्सं. विसरलेलं माणूस अंगावर पडल्यासारखा. मला तो परत यायला नकोय."

"अगं, पण दिगूचा पाय—"

"पाय पाय काय लावलंय? तुम्ही पुण्याला अत्तरात बसलात. इथं पट्टी कोण सोडतं?" मग एकदम खाली बघून म्हणाली, "मला माझ्या नवऱ्याजवळ बसून जेवायचंय. एवढंच."

मला भावाच्या खोलीत जाताना स्वतःलाच रुमाल लागत होता. मी एवढंच म्हटलं, "मग पट्टी रोज बदलायची. वास येवो न येवो, रोज. आणि चष्मा लावून बघायचं."

"बघेन," इंदू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं कायमचा घेतला. दिगूनंही.

पुढचे आठ महिने फोनवर मी तिला इतकी खुशीत ऐकली की माझीच मला लाज वाटली. दोघं एका ताटात जेवत होती. ती त्याच्या खाटेवरच बसून मासळी साफ करायची, तो तिला बोटीवरच्या थापा मारायचा. एकदा व्हिडिओवर दिसली तेव्हा त्याचा पाय तिच्या मांडीवर होता आणि ती त्याला तेल लावत होती. दिगू ओरडला, "आक्का, तुझ्या औषधानं माझं दुसरं लग्न झालं गो!" मी पट्टीचं विचारलं की इंदू म्हणे, "बदलते हो, बदलते. काही वाससुद्धा येत नाही आता."

हे वाक्य मी ऐकलं. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईनं ते ऐकलं आणि पुढच्या गोष्टीकडे वळली. याचा मला इंदूपेक्षा जास्त राग येतो.

पौषात मी न कळवता गेले. बसचं दार उघडलं आणि वासानं मला धक्काच दिला. पूर्वी कारखाना सालं खाडीपलीकडे पुरत असे. कंपनीला हवी तेवढी ती उचले, उरलेली आता बस थांब्यामागेच टाकत होते. कुणी तक्रारच करत नव्हतं तर पुरायचं कशाला? गुलाबी, काळपट, हिरवट ढीग, त्यातून झिरपणारं पाणी रस्त्यावर आलेलं, वर माश्यांची चादर. आणि त्या ढिगाला पाठ लावून पाच-सहा माणसं वडापाव खात उभी. एकाच्या हातातून पाव खाली पडला, त्या ओलीत. त्यानं उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. मी रस्त्याच्या कडेला पोट धरून बसले. एक बाई प्रेमानं म्हणाली, "गाडी लागली का, आजी?"

घराचं दार उघडंच होतं. इंदू दिगूच्या खाटेवर मांडी घालून बसली होती, दोघांच्या मध्ये ताट, ताटात तळलेली मांदेली.

"वन्सं! या या, हात धुवा, गरम आहेत!"

मी दारातच थांबले. आयुष्यात मी पुष्कळ सडलेल्या गोष्टी हुंगल्या आहेत. हा वास त्यातला नव्हता. तो गोडसर होता. दाट. जिभेवर बसणारा. तळलेल्या मासळीच्या वासात तो असा मिसळला होता की अजूनही मला मांदेली खाता येत नाही.

"इंदू, पट्टी कधी बदललीस?"

"अं... परवा. नाही, रविवारी. स्वच्छ दिसली म्हणून तीच ठेवली."

"ताट उचल."

"अहो, जेवत्यात हे."

"ताट उचल म्हणते ना!"

पट्टी मी सोडली. वरून खरंच स्वच्छ होती. आत टाच नव्हतीच. काळं, ओलं, चिखलासारखं काहीतरी होतं, घोट्याच्या वरपर्यंत गेलेलं, आणि त्यात काहीतरी हललं. मी ओकले, दिगूच्या चादरीवरच. पुसलं, आणि पुन्हा बघितलं.

दिगू आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. "काय झालं गो? मला तर काही होत नाही."

इंदू चष्मा शोधत होती. तो खिडकीत होता, काचांवर धूळ बसलेला.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय काढला. म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर माणूस हाती लागला नसता. हेही म्हणाले की या भागातून वर्षभरात अशा आठ-नऊ केसेस आल्या, सगळ्यांच्या घरी फवारा. आणि घरी गेल्यावर कापलेल्या जागी पुन्हा काही सुरू झालं तर पहिल्याच दिवशी यायचं, कारण आता वर कापायला जागा उरलेली नाही.

इस्पितळाच्या बाकावर इंदू तीन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "वन्सं, माझं नाक परत द्या."

"नाही देता येत."

"तुम्ही त्या नाशिकच्या माणसाला दिलंत."

"त्याच्या पेशी मेल्या होत्या, इंदू. रिकाम्या जागी आम्ही नवं काही भरलं. तुझ्या पेशी जिवंत आहेत, पण बोळा घेऊनच जन्मतात. तो काढायचा रस्ता अजून कुणाला सापडलेला नाही. कुणी शोधतही नाही. त्यात फायदा नाही."

तिनं आपली बोटं एकेक करून हुंगली. मग म्हणाली, "दुसरा डोळा मी कापून घेते. पण तो नीट होईपर्यंत, आणि नाही झाला तर त्याच्यापुढेही, रोज कुणीतरी हुंगायला पाहिजे. गावात एक नाक उरलेलं नाही. तुमचं आहे."

"मी ऐंशीची आहे."

"म्हणूनच म्हणते, लवकर या."

पुण्याची खोली मी सोडली. जिथून पळाले तिथंच येऊन राहिले. इंदूचा डोळा बरा झाला, पट्टी रोज बदलली जाते, पण पट्टीआधी मी. रोज सकाळी चहाच्या आधी मी दिगूच्या मांडीच्या उरलेल्या खुंटाशी वाकते. सवय काही होत नाही. समीक्षा एकदा येऊन मलाच फवारा देऊ लागली, "आजी, तुम्हालाच किती त्रास होतो!" मी तिला दाराबाहेर काढलं आणि तिच्या मागे तिची पेटी फेकली.

पण एक भीती मला होतीच. म्हातारपणी नाक जातं, हळूहळू, आपल्याला न कळता. सकाळी वाकल्यावर वास आला नाही, तर जखम चांगली आहे की माझं नाक गेलं, हे ओळखायचं कसं? प्रयोगशाळेत आम्ही याला कंट्रोल म्हणायचो. ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा नमुना आधी तपासायचा, मग खरा. तर इंदू एका स्टीलच्या डब्यात कोलंबीची डोकी भरून झाकण लावून ठेवते. तीन दिवस ती नासतात. सकाळी मी आधी तो डबा उघडते. नाक धरून मागे सरले, डोळ्यांतून पाणी आलं, की इंदू विचारते, "आलं?" मी म्हणते, "आलं." मग पाय.

दिगूला याचं भारी हसू येतं. म्हणतो, "माझ्या आक्केला लोकं विद्वान म्हणत. रोज सकाळी उठून सडकी कोलंबी हुंगते."

परवा डबा उघडला आणि काहीच आलं नाही.

मी पुन्हा वाकले. नाक अगदी डब्यात घातलं. काही नाही. थोडा समुद्र, थोडं मीठ. इंदू समोर उभी, दिगू खाटेवरून बघतोय, आणि माझ्या मनात एकच, आता याचा पाय कोण बघणार?

"इंदू," मी म्हणाले, "हा डबा कधीचा?"

"आजचाच. आत्ता भरला. परवाचा मांजरानं रात्री लवंडला ना, सांगायचं राहिलं."

"कुठे लवंडला?"

"काय की. मला थोडाच येतोय तो वास."

मी घरभर हुंगत फिरले. ऐंशीची बाई, चार पायांवर. मागच्या पडवीत, तांदळाच्या पिंपामागे, भिंतीच्या फटीत ते सापडलं, पांढरं, बुळबुळीत, किड्यांनी भरलेलं. वास डोक्यात मुसळासारखा बसला. मी अंगणात जाऊन पोटातलं सगळं ओकले, आणि ओकता ओकता मला हसू फुटलं. दिगू आतून ओरडला, "आधी तोंड धू, मग माझ्याकडे ये!"

तोंड धुऊन मी त्याच्याशी वाकले. पट्टी सोडली. जखमेला औषधाचा वास होता, आणि दिगूचा.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

इंदू गेली नाही. नवी पट्टी हातात धरून उभी राहिली. "कसला वास आहे?"

"औषधाचा. आणि त्याचा."

"त्यांचा कसला?"

"खोबरेल. विडीचा. आणि ती तुझी गोधडी."

"ते सगळं मला येतं, वन्सं. ते सोडून जे उरतं, ते."

मी पुन्हा वाकले. दिगू लाजून छताकडे बघू लागला. म्हाताऱ्या अंगाचा, घामाचा, आंबूस, कोंदलेला असा तो वास होता. मी तोंड फिरवलं. लपवता आलं नाही.

इंदू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"घाण येतो ना?" तिनं विचारलं.

"घाण येतो," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली, आणि खाली बसून पट्टी बांधायला लागली. "तोच. उद्यापासून तेही सांगत जा."